‘तुमचा हेवा वाटतो’ असे लिहावे का?

तासगाव तालुक्यातील एका वाचकाने विचारले आहे की, भावकीतल्या शेजाऱ्याच्या द्राक्षांना चांगला दर मिळाला म्हणून त्यांनी ‘दादा, तुमचा हेवा वाटतो’ असा संदेश पाठवला आणि तो शेजाऱ्यास लागला. तर ‘हेवा’ कौतुकाचा मानावा की मत्सराचाच भाऊबंद समजावा?

हेवा आणि मत्सर हे समानार्थी म्हणून शिकवले जातात, परंतु वापरात दोहोंमध्ये बरेच अंतर पडले आहे. मत्सराची गणना षड्रिपूंत होते, त्यामुळे ‘मत्सर वाटावा अशी बाग’ असे स्तुती म्हणून कोणी म्हणत नाही. ‘हेवा वाटावा अशी बाग’ मात्र सर्रास म्हटले जाते. असे असले तरी हेव्यातला कडवटपणा ‘हेवेदावे’ या जोडशब्दात शाबूत आहे. तेथील ‘दावा’ म्हणजे वैर, आणि ज्या भावकीत बांधावरून बोलणे तुटलेले असते तिथे नुसता हेवा म्हटला तरी दावा आपोआप ऐकू येतो.

माझ्या मते मेख वाक्यरचनेत आहे. ‘हेवा वाटावा अशी बाग’ यात हेवा कोणाला वाटतो हे सांगितलेले नसते आणि तो वाटतो बागेमुळे. ‘तुमचा हेवा वाटतो’ यात मात्र सांगणारा मी आणि समोर तुम्ही अशी दोन माणसे एकमेकांसमोर उभी राहतात. ‘हेवा करणे’ त्याहून वाईट, कारण ‘वाटणे’ आपसूक घडते आणि ‘करणे’ ही करणाऱ्याची कृती ठरते.

शेजाऱ्याला खरी भीती बहुधा तिसऱ्याच शब्दाची असावी, तो म्हणजे असूया. अमरकोशात असूयेचा अर्थ गुणांवरही दोषारोप करणे असा दिला आहे. ‘दर मिळाला खरा, पण वजनात मार खाल्ला असणार’, ‘व्यापाऱ्याशी आतून संधान असेल’ ही पारावरची वाक्ये शुद्ध असूयेची आहेत, जरी बोलणाऱ्याने तो शब्द जन्मात उच्चारला नसला तरी. गंमत अशी की कृष्णाकाठच्या औदुंबरला दत्तदर्शनास जाणारे आपण दत्तगुरूंच्या आईचे नाव घेतो ते बहुतेक ‘अनुसया’ असे. मूळ ‘अनसूया’ म्हणजे जिच्या ठायी असूया नाही ती, आणि उच्चार बदलताच हा नकार ऐकू येईनासा होतो.

असूया तोंडावर बोलली जाते तेव्हा तिला आपण खवचटपणा म्हणतो. फटकळपणा याहून वेगळा, कारण फटकळ माणूस बोलून मोकळा होतो. आकस आणि डूख मात्र न बोलता धरले जातात, म्हणून त्यांच्याजवळ ‘धरणे’ हे क्रियापद येते. (साप डूख धरतो हा केवळ समज आहे, माणसांबाबत तसे म्हणता येत नाही.)

तेव्हा वाचकाचा शब्द अशुद्ध किंवा अपमानकारक नव्हता, परंतु लेखी संदेशात स्वर आणि चेहरा दिसत नसल्यामुळे ‘तुमचा’ नको तितका उठून दिसला. खुलासा पाठवताना हेव्याचा अर्थ समजावत बसू नये, त्याने संशय वाढतो. ‘दादा, बाग हेवा वाटावा अशी साधली आहे, ऑक्टोबर छाटणीचे नियोजन कसे केले ते एकदा सांगा’ एवढे लिहिले तरी पुरे, कारण दोष काढण्याच्या तयारीत असलेला माणूस सहसा शिकायला येत नाही, हे शेजाऱ्यालाही ठाऊक असणार.