दोन बाटल्या

प्रिय डॉक्टर,

तुझा लांबलचक मेसेज वाचला. चाळिशीतली बाई, नाक वर्षभर चोंदलेलं, आत खपल्या, दोन्ही कानांखाली न दुखणारी सूज आणि आता चेहऱ्याची उजवी बाजू लुळी. नाकातल्या तुकड्याचा रिपोर्ट ‘ग्रॅन्युलोमा’, म्हणजे दाहाच्या पेशींचा पुंजका. युनिटचे सर टीबी धरून म्हणतात एकेटी (टीबीची औषधं) सुरू करा, मेडिसिनवाले सारकॉइडोसिस (अनेक अवयवांत असेच ग्रॅन्युलोमा करणारा, कारण न कळलेला आजार) धरून म्हणतात स्टेरॉइड. आणि तू मला विचारतेस, कुणाचं ऐकू?

इतक्यात कुणाचंच नको. आधी सांग, तुकडा किती बाटल्यांत गेला?

एकाच ना? फॉर्मॅलिनच्या. अगं, फॉर्मॅलिनमध्ये जंतू मरतात, मग कल्चर कशाचं लावणार? एक बाटली फॉर्मॅलिनची, पॅथॉलॉजीला. दुसरी साध्या सलाइनची, मायक्रोबायोलॉजीला: सीबीनॅट (टीबीची झटपट जनुकीय तपासणी), टीबीचं कल्चर, बुरशीचं कल्चर. सिस्टरकडून दोन्ही मागून घ्यायच्या, नावं टाकायची, मगच फोर्सेप्सला हात लावायचा.

ग्रॅन्युलोमा म्हटलं की टीबी, हे आपल्याकडे का रुजलं ते मला कळतं. टीबी ओपीडीत रोज दिसतो. नाकात कुष्ठरोग असतो, बुरशी असते, वेगेनर (रक्तवाहिन्यांच्या दाहाचा आजार, आता जीपीए म्हणतात) हाही असतो, म्हणून त्याची रक्ततपासणी, एएनसीए, पाठव. सारकॉइडोसिस हे बाकीचं सगळं खोडून झाल्यावर करायचं निदान. खोडायला पुरावा लागतो, म्हणून दोन बाटल्या. कल्चरला सहा आठवडे लागतात आणि टीबी असूनही कधी काही उगवत नाही, हे मला शिकवू नकोस. जे पाठवलंच नाही ते निगेटिव्ह होतं, असंही म्हणता येत नाही.

आणि स्लाइड स्वतः जाऊन बघ. पॅथॉलॉजिस्टच्या शेजारी बस, केसिएशन (टीबीत दिसणारा चीजसारखा मृत भाग) आहे का विचार, झील-नील्सन (टीबीच्या जंतूंचा) आणि बुरशीचे स्टेन झाले का विचार. पेशंट तू पाहिलीस, त्यांनी नाही.

सारकॉइडचं तुझ्या बाईंसारखं चित्र जुनंच आहे. 1909 मध्ये हेरफोर्ट या डॅनिश नेत्रतज्ज्ञानं ताप, डोळ्यातला दाह, पॅरोटिडची (कानाखालच्या लाळग्रंथीची) सूज आणि चेहऱ्याचा लकवा हे एकत्र लिहून ठेवलं. तुझ्या मेसेजमध्ये डोळ्यांबद्दल शब्दही नाही! स्लिट लॅम्पवर बसव त्यांना. ऑडिओग्राम कर, ऐकण्याची आठवी नसही या आजारात सापडते. घशात स्कोप टाक: एपिग्लॉटिस (श्वासमार्गावरचा पडदा) फिकट, सुजून जाड झालेला दिसतो, स्वरतंतू बहुधा सुटतात. आवाज बसला असेल आणि डावा स्वरतंतू हलत नसेल, तर छातीतल्या गाठी नसेवर दाबत असतील. सारकॉइडच्या दहातल्या नऊ पेशंटांत छातीत काहीतरी सापडतंच, त्यामुळे सीटी हवाच. गाठी असतील तर ईबसनं (श्वासनलिकेतून सोनोग्राफीच्या मदतीनं) तुकडा घेता येतो. तोही दोन बाटल्यांत.

एसीई (सारकॉइडमध्ये बऱ्याचदा वाढणारं रक्तातलं एन्झाइम) वाढलं म्हणून उड्या मारू नकोस, नॉर्मल आलं म्हणून सोडूनही देऊ नकोस. मांटूचंही (टीबीची त्वचेवरची चाचणी) तसंच.

टीबी असताना नुसतं स्टेरॉइड गेलं तर आजार पसरतो. सारकॉइड असताना एकेटी खाल्ली तर लिव्हर सोसतं आणि नस आहे तिथेच राहते. लिम्फोमा (लसिका पेशींचा कॅन्सर) असेल तर स्टेरॉइडनं काही दिवस झाकला जातो आणि पुढचा तुकडा काही सांगत नाही. श्वासाला आवाज येत असेल तर मात्र बाटल्या बाजूला ठेव, आधी श्वासनलिका सांभाळ. एवढा एकच अपवाद. चेहऱ्याच्या नसेसाठीही फार थांबता येणार नाही, म्हणून दुसरा तुकडा याच आठवड्यात. दुसरा तुकडा मागायला तुला संकोच वाटतो हे कळतं. पण ते सांगायचं धाडस तुझ्याकडे नसेल, तर माझ्याकडून सल्ला कशाला मागतेस?

मला मागे ‘बाटलीवाले’ म्हणायचे. भूलतज्ज्ञ घड्याळाकडे बघत आणि मी दुसऱ्या बाटलीसाठी अडून बसायचो. त्यात काही चांगली माणसं दुरावली. आवाज कमी चढवला असता तर कदाचित टिकली असती, हे आता जाणवतं. बाटलीचा हट्ट मात्र मी आजही करीन.

तुझ्या सरांशी भांडू नकोस. “सर, एकेटीआधी कल्चर पाठवूया का?” एवढंच विचार. ‘नको’ म्हणणं त्यांना जड जाईल.

आणि हो, त्या बाई व्हिटॅमिन डीची पाकिटं घेतात का? आपल्याकडे ती सर्रास दिली जातात. सारकॉइडमध्ये ग्रॅन्युलोमा स्वतःच डी सक्रिय करतो आणि कॅल्शियम चढतं, मग मूत्रपिंडावर येतं. आजच कॅल्शियम आणि क्रिएटिनिन पाठव, पाकिटं बंद करायला सांग. आकडे हातात आले की फोन कर, रात्री उशीर झाला तरी चालेल.