‘बिग साइज’ म्हटल्यावर बाई का रागावली?

गोव्यात कळंगुटला कपड्यांच्या दुकानात नुकतीच कामाला लागलेली एक मुलगी विचारते: “माझं शिक्षण मराठी शाळेत झालं. परवा एका विलायती बाईला ‘डू यू वाँट बिग साइज?’ असं विचारलं, तर तिचा चेहराच उतरला. चुकलं काय? आणि हे लोक ‘डू यू हॅव धिस इन अ मीडियम?’ म्हणतात, त्यातला ‘इन’ कशाला?”

बाईच्या रागाचं मूळ आपल्या व्याकरणात आहे. मराठीत विशेषणाला तुलनेचं वेगळं रूप नाही. शर्ट हातात धरून ‘मोठा आहे का?’ म्हटलं की दुकानदाराला कळतं, याच्याहून मोठा हवाय. कोंकणीतही तसंच, ‘व्हड आसा?’ म्हटलं तरी भागतं, फार तर ‘हाचे परस व्हड’. इंग्रजी ‘बिग’मध्ये ‘याच्याहून’ बसत नाही. ‘बिग साइज’ ऐकल्यावर तिला वाटलं, ही आपल्याला थोराड म्हणतेय. ‘बिगर’ने व्याकरण सुधारेल, पण बाईचा चेहरा सुधारेलच असं नाही. त्यापेक्षा ‘शॅल आय गेट यू द नेक्स्ट साइज अप?’ म्हण. यात तिच्या अंगाचा विषयच निघत नाही, माप तेवढं एक पायरी वर चढतं. ‘व्हॉट इज युअर साइज?’ हेही तसंच जरा अंगावर जाणारं. ‘व्हॉट साइज आर यू लुकिंग फॉर?’ बरं.

आता ‘इन’. खरी गंमत इथे आहे. आपण दुकानात काय म्हणतो? ‘यात मीडियम आहे?’ ‘यात निळा दाखवा.’ म्हणजे ‘त’ प्रत्यय आपण कपड्याला लावतो. इंग्रजीत नेमकं उलटं: कपडा जसाच्या तसा राहतो आणि ‘इन’ मापाला किंवा रंगाला लागतो. ‘धिस इन अ मीडियम’, ‘धिस इन ब्लू’. आपला ‘त’ आहे तिथेच ठेवून इंग्रजी बोललं की ‘इन धिस, मीडियम इज देअर?’ असं काहीतरी बाहेर पडतं. समजतं सगळ्यांना, पण कानाला खटकतं.

म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात मी हे डोळ्यांनी पाहिलंय. एक ब्रिटिश आजीबाई सुती झगा अंगाला लावून बघत होत्या. ‘हॅव यू गॉट धिस इन अ टेन?’ दुकानदार खूश. त्याने भराभर झगे उपसले आणि मोजून दहा नग त्यांच्यापुढे रचले. आजींना हवा होता एकच, दहा नंबरचा.

तोही त्यांच्या देशातला दहा नंबर. बायकांच्या कपड्यांत ब्रिटनचा 10 म्हणजे साधारण अमेरिकेचा 6 आणि युरोपचा 38. म्हणून नुसता आकडा ऐकून गठ्ठ्याकडे धावू नकोस. ‘इज दॅट अ यूके टेन?’ एवढं विचारून घे. पुरुषांच्या कोटात ब्रिटिश 40 म्हणजे छातीचे इंच, तर युरोपातला आकडा छातीच्या सेंटिमीटरांच्या निम्मा. त्यामुळे 40 चा कोट तिकडे 50 चा होतो, माणूस न फुगता.

तूच कधी गिऱ्हाईक झालीस तर एक लक्षात ठेव. आपल्या ‘दाखवा’मधला शेवटचा ‘आ’ अदब सांभाळतो. ‘शो मी’ला असं शेपूट नाही, तो हुकूमच वाटतो. ‘कुड आय सी धिस इन अ स्मॉल?’ म्हणावं.

घालून पाहिल्यावरची बोली तर आपल्याकडे काय श्रीमंत! शर्ट ‘होतो’, ‘बसतो’, काखेत धरतो, खांद्यांत आवळतो, कमरेत ढगळ होतो. यातल्या ‘होतो’ आणि ‘बसतो’साठी ‘इट फिट्स’. ‘शोभतो’साठी ‘इट सूट्स यू’. या दोहोंची अदलाबदल करू नकोस. मापाला नेमका बसलेला शर्टही माणसाला मुळीच शोभत नाही, असं होतंच की. ‘काखेत’चं ‘इन द आर्मपिट’ करू नकोस, तिथे ‘टाइट अंडर द आर्म्स’ म्हणतात. खांद्यांना ‘टाइट अक्रॉस द शोल्डर्स’, कमरेला ‘लूज अराउंड द वेस्ट’. आपला एक ‘त’ जिथे सगळीकडे पुरतो, तिथे इंग्रजीला दर अवयवापाशी नवा शब्द शोधावा लागतो. ते पाठच करावं लागेल, बाये.

‘ट्रायल रूम’ ही पाटी आपल्याकडची. ब्रिटिश माणूस ‘फिटिंग रूम’ नाहीतर ‘चेंजिंग रूम’ शोधत असतो. आणि त्याने नवी पँट घालून आरशात पाहिलं, तर कौतुकाने ‘नाइस पँट्स’ म्हणून नकोस. त्यांच्याकडे पँट्स म्हणजे आतली चड्डी. वरची ती ट्राउझर्स.