इलेक्ट्रिक स्कूटर: रेंजच्या आधी सॉकेट बघा

या वेळी इलेक्ट्रिक स्कूटरवर इतके प्रश्न आले की दुसरा विषय घेताच आला नाही. बहुतेकांचं रोजचं जाणं-येणं थोडंसंच आहे, त्यामुळे लांबच्या ट्रिपांचं सोडून देतो आणि सारखे प्रश्न एकत्र करून घेतो.

प्रश्न: ऑफिस घरापासून 8 किलोमीटर. एक गाडी 80 किलोमीटर रेंज सांगते, दुसरी 150. दुसरी बरीच महाग आहे, पण घरचे म्हणतात घ्यायचीच तर मोठी घे. काय करू?

घरच्यांना आधी हिशोब दाखवा. जाऊन-येऊन 16 किलोमीटर, मधे कुठे वाकडी वाट केली तर 20 धरू. स्कूटरला साधारण 25 ते 35 वॅट-अवर दर किलोमीटरला लागतात, म्हणजे दिवसाला अर्धा ते पाऊण युनिट, बस (1 युनिट म्हणजे 1 किलोवॅट-अवर). 3 किलोवॅट-अवरचा बॅटरी पॅक असेल तर त्यातला जेमतेम पाव भाग. आता 80 चा आकडा हा टेस्टमधला, ठरावीक वेग आणि ठरावीक वजनाचा, रोजच्या रस्त्यावर 60 मिळतील असं धरून चाला, आणि काही वर्षांनी बॅटरी थकून 80 टक्क्यांवर आली तरी 48 उरतात. तुमची गरज 20 ची! मग 150 कशाला पाहिजे, जास्तीचं वजन रोज फिरवायला?

मोठ्या पॅकचं खरं कारण दोनच असतात. एक, घरी चार्जिंगची सोय नाही आणि आठवड्यातून एकदाच कुठेतरी लावता येते. दुसरं, वाटेत मोकळा हायवे आहे आणि तुम्ही तिथे गाडी पळवणार, कारण हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो, 45 वरून 60 वर गेलात की तो जवळपास पावणेदोन पट होतो आणि रेंज डोळ्यांदेखत खाली येते. यातलं काही नसेल तर छोटी घ्या. शोरूममध्ये जायच्या आधी मात्र पार्किंगमध्ये जाऊन बघा, गाडी उभी राहते तिथपर्यंत चार्जरची वायर पोचते का, सॉकेट कुणाच्या मीटरवर आहे, अर्थिंग नीट आहे का. या प्रश्नांची उत्तरं नसतील तर 150 ची गाडीपण डोक्याला तापच होते.

प्रश्न: रोज थोडीशी चार्ज केली तर बॅटरीच्या सायकल लवकर संपतात असं ऑफिसमधला एक जण म्हणतो. मी पूर्ण उतरवूनच लावायची का?

अजिबात नाही. हा जुन्या निकेल-कॅडमियम बॅटऱ्यांच्या काळातला सल्ला आहे, लिथियमला तो लागू नाही. सायकल म्हणजे प्लग लावण्याची संख्या नव्हे. आज 20 टक्के वापरलं आणि भरलं, असं पाच वेळा झालं की साधारण एक सायकल मोजायची. उलट थोडं वापरून थोडं भरणं हे पार शून्यापर्यंत उतरवण्यापेक्षा बॅटरीला सोपं जातं, कारण लिथियमला दोन्ही टोकं आवडत नाहीत, एकदम रिकामी राहणं पण नाही आणि गच्च भरून उन्हात उभं राहणं पण नाही.

आता तुमच्या गाडीत कोणती बॅटरी आहे ते बघा, इथे फरक पडतो. एनएमसी (निकेल-मँगनीज-कोबाल्टवाली लिथियम बॅटरी) असेल तर रोज 80-85 टक्क्यांवर थांबवली तर छान, लांब जायच्या आदल्या रात्रीच पूर्ण भरा. एलएफपी (लिथियम-आयर्न-फॉस्फेट) असेल तर अधूनमधून 100 पर्यंत जाऊ द्या, कारण तिचा व्होल्टेज मधल्या पट्ट्यात जवळपास सपाट असतो आणि किती चार्ज उरलाय हे गाडीला नीट कळत नाही, पूर्ण भरली की मीटर परत जागेवर येतो. 40 टक्के दाखवत असताना गाडी अचानक 15 वर आली अशी तक्रार येते ना, त्यात पुष्कळदा हेच निघतं. एलएफपी वजनाला थोडी जड, पण सायकल जास्त देते आणि उष्णतेला जास्त दाद देत नाही, छोट्या रोजच्या फेऱ्यांना मला तीच बरी वाटते. मॅन्युअलमध्ये कंपनीने वेगळं लिहिलं असेल तर अर्थात तेच पाळा, वॉरंटी त्यांच्याकडे आहे, माझ्याकडे नाही.

आणखी एक, उन्हातून आल्या आल्या लगेच प्लग लावू नका. अर्धा तास सावलीत राहू दे. कडाक्याच्या थंडीत, पारा शून्याच्या खाली असेल तर उलटं, बॅटरी आधी थोडी उबेत येऊ द्या, कारण गारठलेल्या सेलमध्ये चार्ज ढकलला की आत लिथियमचा थर जमतो आणि ते नुकसान भरून येत नाही.

प्रश्न: आम्ही तिसऱ्या मजल्यावर, खाली सॉकेट नाही. बॅटरी काढून वर नेता येणारी गाडी घेऊ का? घरात चार्ज करणं सेफ आहे का?

काढता येणारा पॅक बहुतेक 10 किलोच्या आसपास असतो, हँडल धरून रोज जिन्याने चढवायचा म्हणजे पहिल्या आठवड्यात मजा वाटते. लिफ्ट असेल तर ठीक. घरात लावायचीच असेल तर गाडीबरोबर आलेलाच चार्जर, थेट भिंतीच्या सॉकेटमध्ये, एक्स्टेंशन बोर्ड नको. कडक फरशीवर ठेवा, गादी-सोफ्याजवळ नाही. आणि सगळ्यात महत्त्वाचं, दारासमोर किंवा जिन्यात लावू नका. लिथियमच्या सेलने पेट घेतला तर उष्णता एका सेलमधून दुसऱ्यात जाते आणि आग फार वेगाने वाढते, अशा वेळी बाहेर पडायची वाटच अडलेली असेल तर संपलं. सगळे झोपलेले असताना लावण्यापेक्षा संध्याकाळी जागे असताना लावा, तुमचं अर्धा-पाऊण युनिट असंही तास-दीड तासात भरतं. पॅक पडला, फुगला, वास यायला लागला, की चार्ज करायचाच नाही, सर्व्हिसवाल्यांना दाखवायचा.

प्रश्न: घराजवळ मोठा चढ आहे. डबलसीट गेलं तर बॅटरी लगेच संपेल ना?

वाटतं तेवढी नाही, गणितच करू. गाडी आणि दोन माणसं मिळून 250 किलो धरा, चढाची उंची 50 मीटर. एवढं वजन तेवढं वर न्यायला साधारण 34 वॅट-अवर लागतात, मोटरमधलं नुकसान धरून 45 म्हणा. म्हणजे सपाटीवरच्या दीड-दोन किलोमीटरएवढा खर्च. उतरताना रिजेनमुळे, म्हणजे मोटर गाडीला ओढून धरत उलटी वीज बनवते त्यामुळे, त्यातलं थोडं परत मिळतं. फक्त एक गंमत आहे, घर वरच्या बाजूला असेल आणि सकाळी 100 टक्के भरून निघालात तर उतारावर रिजेन कमी लागतं किंवा लागतच नाही, कारण भरलेल्या बॅटरीत अजून ठेवणार कुठे? रोजच्या सवयीचा तो ओढा त्या दिवशी जाणवत नाही, ब्रेक तयार ठेवा.

चढासाठी रेंज सोडून मोटरची ताकद बघा, आणि टेस्ट राइड एकट्याने घेऊ नका, मागे बसणाऱ्याला घेऊन जा आणि त्याच चढावर मधेच थांबून परत उचलून बघा.

प्रश्न: पावसात चालवली तर शॉक बसेल का?

नाही. पॅक सीलबंद असतो, आयपी67 म्हणजे 1 मीटर पाण्यात 30 मिनिटं तग धरेल अशी टेस्ट. पण ती टेस्ट नव्या पॅकची आणि स्थिर पाण्यातली, म्हणून साचलेल्या पाण्यात हौसेने घालू नका आणि प्रेशरच्या पाण्याने धुऊ नका. चार्जिंगचा पोर्ट ओला असेल तर पुसून, वाळू देऊन मगच प्लग.

प्रश्न: महिनाभर बाहेर जातोय, चार्जिंगला लावून ठेवू का?

नको. 50-60 टक्क्यांवर आणा, प्लग काढा, सावलीत ठेवा. काही गाड्यांत लाइट-हॉर्नसाठी वेगळी छोटी 12 व्होल्टची बॅटरी असते, ती उभ्या-उभ्या उतरते आणि मग मोठा पॅक भरलेला असून गाडी चालूच होत नाही, तुमच्या गाडीत ती असेल तर निघायच्या आधी तिची वायर सोडवायची का ते सर्व्हिसवाल्यांना विचारून घ्या. टायरमध्ये हवा मात्र पूर्ण भरून जा, आणि आलात की परत तपासा, हवा कमी असेल तर रेंज तिथेच गळते.