वीसावा माणूस घेण्याआधी

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलचं युनिट टाकतोयस, छान. पण माणसं मोजताना चूक करू नकोस. 'माझ्याकडे पगारी आठच, बाकीचे नगावर,' असं मीही म्हणायचो. नगावरचे, बदलीवाले, ठेकेदाराचे, सगळे मोजले जातात. दहा झाले की ईएसआय, म्हणजे कामगारांचा सरकारी आरोग्य विमा, वीस झाले की पीएफ. आणि पीएफ एकदा लागू झाला की पुढे पंधराच माणसं राहिली तरी तो सुटत नाही.

ईएसआय २१,००० पर्यंतच्या पगाराला: मालकाचे ३.२५ टक्के, कामगाराचे ०.७५. दोन्हींचा भरणा पुढच्या महिन्याच्या १५ तारखेच्या आत. मी दोन वर्षं टाळलं. तपासणी झाली तेव्हा कामगारांचा हिस्साही माझ्याच खिशातून गेला, कारण वेळेवर न कापलेले पैसे नंतर पगारातून वळते करता येत नाहीत. वर व्याज आणि दंड. त्या वर्षी नवा लूम घ्यायचा राहिलाच.

हजेरी आणि पगारपत्रक रोजच्या रोज लिही. दिवाळीच्या तोंडावर दिलेली उचलसुद्धा सहीनिशी. ठेकेदार घेतलास तर त्याच्या पीएफच्या चलनाची प्रत बघूनच बिल दे; त्यानं भरलं नाही तर तुझ्याकडूनच वसूल होतं.