सुई-दोरा सल्ला: क्रोशाच्या काठाचे अभ्रे

प्रश्न: १७ × २७ इंचांच्या दोन उशांसाठी अभ्रे शिवायचे आहेत. दुकानदार दोन मीटर कापड घ्या म्हणतो. इतके लागते का? (सांगली)

४४ इंच पन्ह्याचे, म्हणजे रुंदीचे, पॉपलिन किंवा केंब्रिक घेतलेत तर पावणेदोन मीटर पुरते. तयार अभ्रा उशीपेक्षा लांबी-रुंदीला एकेक इंच मोठा, म्हणजे १८ × २८ धरा. तंग अभ्रा कोपऱ्यात उसवतो. एक अभ्रा एकाच लांब पट्टीतून काढायचा: पुढची बाजू २८ इंच, मागची २८, उशी आत अडकवणारी झडप ६, झडपेच्या टोकाची दुमड १ आणि तोंडाची दुमड दीड इंच, असे साडेचौसष्ट इंच झाले. रुंदी १८ अधिक दोन्ही कडांच्या शिवणीचा सव्वा इंच, म्हणजे सव्वा एकोणीस. अशा दोन पट्ट्या शेजारी शेजारी साडेअडतीस इंचांत बसतात. पावणेदोन मीटर म्हणजे जवळपास ६९ इंच. वरचे चार इंच कापड आटेल त्यासाठी ठेवलेले आहेत.

मांजरपाट घेणार असाल तर मात्र दुकानदाराचे ऐका, कारण ते जास्त आटते. आणि ३६ पन्ह्याचे कापड स्वस्त दिसले तरी हिशेब करा. त्यात दोन पट्ट्या शेजारी बसत नाहीत, म्हणून साडेतीन मीटर घ्यावे लागते.

कापण्याआधी कापड रात्रभर पाण्यात भिजवा, साबणाने धुवा, वाळवा, इस्त्री करा. हे टाळले तर पहिल्या धुण्यात कापड आटते, लेस तेवढी आटत नाही आणि काठ लाटांसारखा उभा राहतो. मग लेस उसवण्यावाचून उपाय उरत नाही.

प्रश्न: लेस आधी करावी की अभ्रा आधी शिवावा? आतल्या शिवणीचे दोरे सुटतात, त्यावर काय करावे? (बेळगाव)

अभ्रा आधी. लेस आधी केली तर तिची टोके बाजूच्या शिवणीत सापडतात आणि तिथे गाठोडे होते.

झडपेचे टोक अर्धा इंच, पुन्हा अर्धा इंच दुमडून शिवा. दुसरे टोक, जिथे लेस येणार, ते आधी अर्धा आणि मग एक इंच दुमडा. आता कापड उलट बाजू वर करून पसरा. झडप सहा इंच आत मोडा. मग पुढची बाजू त्यावर अशी आणा की तिची शिवलेली कड झडपेच्या मोडीशी बरोबर जुळेल. या वेळी अभ्र्याची सुलट बाजू बाहेर असते, आणि ती तशीच हवी. दोन्ही बाजूंना पाव इंचावर शिवण घाला. बाहेर आलेले दोरे बारीक कापा, अभ्रा उलटा करा, कोपरे टोकदार काढा आणि त्याच कडांना तीन सुतांवर (एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग) दुसरी शिवण घाला. कच्च्या कडा दोन शिवणींमध्ये कायमच्या बंद होतात. दुसरी शिवण तीन सुतांपेक्षा कमी घेतली की आतले दोरे सुलट बाजूने केसांसारखे डोकावतात. तुमच्याकडे बहुधा हेच होत असावे किंवा शिवण एकेरी असावी.

पॉपलिनला मशीनची १४ नंबरची सुई, केंब्रिकला ११ नंबरची. तोंडाशी झडपेसह तीन थर येतात, तिथे टाके मागेपुढे मारून घट्ट करा. उशी घालता-काढताना सगळा ताण तिथेच बसतो.

प्रश्न: क्रोशाची सुई थेट कापडात घातली की भोके पडतात, काठ फाटतो. (नागपूर)

पॉपलिनची वीण दाट असते. क्रोशाची सुई त्यात घुसवली की ताणे-बाणे बाजूला सरकत नाहीत, तुटतात. त्यापेक्षा जाड सुईने, क्रोशाच्याच दोऱ्याने काठाला काज टाका घाला. आधी पेन्सिलीने दर पाव इंचाला खूण करा. १८ इंचांत ७२ घरे, म्हणजे काठावर दोन टाक्यांमधल्या दोऱ्याखालच्या फटी, येतील. सगळे टाके एकाच खोलीचे, साधारण अर्धा सेंटिमीटर आत घ्या म्हणजे दुमडलेल्या दुहेरी कापडात ते पक्के धरतात. पुढचे सगळे काम या घरांत होते, कापडाला सुई लागतच नाही. दोरा २० नंबरचा मर्सराइज्ड सुती आणि क्रोशाची सुई सव्वा मिलिमीटरची. पोलादी सुयांचे नंबर फसवतात, नंबर वाढतो तशी सुई बारीक होते. म्हणून सुईवर कोरलेले मिलिमीटर वाचा.

प्रश्न: माझी लेस कधी झालरीसारखी फुगते, कधी कापडाला चुण्या पाडते. नमुना तोच असतो. (ठाणे)

नमुना तोच असला तरी पहिल्या ओळीतले टाके तेच नसतात. तिथे अंदाज चालत नाही, मोजावेच लागते. वरच्या ७२ घरांवर बसणारा हा साधा काठ करून पाहा.

पहिली ओळ, सुलट बाजूने: प्रत्येक घरात दोन मुके खांब, म्हणजे वेढा न घेता केलेले आखूड टाके. शेवटच्या घरात एक जास्त. एकूण १४५. मोजूनच पुढे जा.

दुसरी ओळ, उलट बाजूने: ५ साखळ्या, म्हणजे फंदातून फंदा ओढून केलेले साधे टाके (३ पहिल्या खांबाच्या, २ मधल्या), दोन टाके सोडून तिसऱ्यात एक खांब, म्हणजे सुईवर एक वेढा घेऊन केलेला उंच टाका. मग २ साखळ्या, दोन टाके सोडून एक खांब, असे शेवटपर्यंत. ४८ खिडक्या आणि कडेचे धरून ४९ खांब होतील.

तिसरी ओळ, पुन्हा सुलट बाजूने: पहिल्या खांबावर एक मुका खांब, दुसऱ्या खांबाच्या डोक्यात एकाच जागी ७ खांब (हा एक शिंपला), तिसऱ्यावर मुका खांब. असेच पुढे. शेवटचा मुका खांब दुसऱ्या ओळीच्या सुरुवातीच्या तिसऱ्या साखळीत येतो. २४ शिंपले झाले की बरोबर. लेस दीड सेंटिमीटरच्या आसपास उंच होते.

आता दोष ओळखा. शिंपले वाटीसारखे पुढे वळत असतील तर सात खांब तुमच्या हाताला जास्त होतात, सहा किंवा पाच करा. कापडाला चुण्या पडत असतील तर पहिल्या ओळीची ओढ घट्ट आहे, ती तेवढी ओळ दीड मिलिमीटरच्या सुईने करा. चार इंचांनंतर थांबून काठ टेबलावर सपाट ठेवून पाहण्याची सवय लावा.

ही लेस फक्त तोंडाच्या पुढच्या काठालाच करा. झडपेच्या मोडीवर केली तर उशी आत ढकलताना अडकते. अभ्र्याच्या चारही बाजूंना लेस सुंदर दिसते हे खरे, पण गालाखाली टोचते. तरीही करायचीच असेल तर प्रत्येक कोपऱ्यात एका जागी तीन मुके खांब घाला, नाहीतर कोपरा आत ओढला जातो.

प्रश्न: आजीच्या अभ्र्यांचे कापड विरले आहे, पण क्रोशाची लेस शाबूत आहे. नव्या अभ्र्याला लावता येईल का? (पणजी)

जरूर लावा. लेस कापडापासून सोडवू नका. जुने टाके कापडात गुंतलेले असतात आणि एक तुटला की ओळ सुटत जाते. लेससकट दीड सेंटिमीटर कापड ठेवून पट्टी कापा. कोमट पाण्यात सौम्य साबण घालून भिजवा, चोळू-पिळू नका, पंच्यावर पसरून टाचण्यांनी ताणून सावलीत वाळवा. वाळल्यावर मोजा, आणि नवा अभ्रा त्या मापाचा बेता. लेस ताणून किंवा चुण्या घालून मापात बसवू नका. तोंडाची दुमड शिवताना ही जुनी पट्टी दुमडीच्या आत सरकवा, लेस तेवढी बाहेर ठेवा, कच्चा दोरा घाला आणि मग मशीन मारा. पट्टीचे कापडही विरले असेल तर तिच्या मागे केंब्रिकची पातळ पट्टी जोडून घ्या.

प्रश्न: पांढऱ्या अभ्र्यावर लाल दोऱ्याची लेस केली तर रंग लागेल का? खळ कशी करावी? (इंदूर)

काम सुरू करण्याआधी हातभर दोरा साबणाच्या गरम पाण्यात बुडवा आणि ओला असतानाच पांढऱ्या कापडात दाबा. डाग पडला तर तो दोरा पांढऱ्यावर नको.

खळीसाठी एक मोठा चमचा साबुदाणा लिटरभर पाण्यात पारदर्शक होईपर्यंत उकळा आणि गाळा. त्यात फक्त लेस बुडवा, अभ्र्याला खळ लागली तर तो चेहऱ्याला खरखरतो. इस्त्री उलट बाजूने, खाली जाड टॉवेल घालून करा म्हणजे शिंपले चेपत नाहीत. खळ केलेले अभ्रे महिनोन्‌महिने कपाटात ठेवू नका, कसर लागते. ठेवायचेच असतील तर खळ धुऊन, पूर्ण वाळवून ठेवा.