पोत्यातला स्फुरद आणि पेटीवरचा फॉस्फरस

प्रश्न आला आहे: ‘खताच्या पोत्यावरचा स्फुरद आणि काडेपेटीतला फॉस्फरस एकच का? मग डीएपीच्या पोत्याशेजारी विडी ओढणं धोक्याचं नाही का?’

मूलद्रव्य एकच. पण डीएपीत ते फॉस्फेटच्या रूपात, ऑक्सिजनशी आधीच बांधलेलं असतं. जळून झालेलं पुन्हा काय जळणार? पाण्याखाली ठेवावा लागतो आणि उघड्यावर साधारण ३० अंशांना पेट घेतो तो पांढरा फॉस्फरस. त्याचा पोत्याशी संबंध नाही. आणि ‘डीएपीत ४६ टक्के स्फुरद’ म्हणणं आता पुरे करा! ते ४६ फॉस्फरस पेंटॉक्साइडच्या, म्हणजे फॉस्फरस आणि ऑक्सिजन यांच्या संयुगाच्या, हिशेबातले आहेत. ५० किलोच्या पोत्यात निव्वळ फॉस्फरस भरतो सुमारे १० किलो.

‘काडीच्या गुलात फॉस्फरस’ हेही चूक. सेफ्टी काडीच्या गुलात पोटॅशियम क्लोरेट वगैरे असतं. तांबडा फॉस्फरस असतो पेटीच्या कडेच्या तपकिरी पट्टीत. म्हणूनच ती काडी भिंतीवर घासत बसलात तरी सहसा पेटत नाही.

आता शब्दाकडे. संस्कृतवाले सांगतात, ‘स्फुर’ म्हणजे चमकणं, ‘द’ म्हणजे देणारा, झालं भाषांतर. इतकं सरळ असतं तर ‘प्रभाद’ का नाही केला? मोठ्याने म्हणून बघा: फॉस्फर, स्फुर. माझ्या मते शब्द घडवणाऱ्याने आधी नाद पकडला आणि मग त्यात अर्थ बसवला. शेजारचा ‘पालाश’ बघा. पोटॅश कानावर पडलं आणि हाताशी पळस होताच! हे ज्यांना योगायोग वाटतं त्यांनी खुशाल वाटून घ्यावं.

गंमत अशी की मूळ ग्रीक शब्दही आपल्या नात्यातलाच आहे. ‘फॉस’ म्हणजे प्रकाश, तो आपल्या ‘भा’चा भाऊबंद, ‘फोरस’ म्हणजे वाहणारा, तो ‘भृ’चा. ग्रीकांनी हे नाव दिलं होतं पहाटेच्या शुक्राला. १६६९ मध्ये हॅम्बुर्गच्या हेनिग ब्रांटने सोन्याच्या हव्यासाने मूत्र आटवलं, त्यातून अंधारात चमकणारा पदार्थ निघाला आणि शुक्राचं नाव पुढे त्याला चिकटलं. त्याच शुक्राचं लॅटिन नाव लुसिफर. १८३० च्या सुमारास लंडनमध्ये सॅम्युअल जोन्सने ‘लुसिफर’ नावाच्या काड्या विकायला काढल्या, आणि त्यांत फॉस्फरसचा कणही नव्हता! डच माणूस आजही आगकाडीला लुसिफरच म्हणतो.