अंगणातील मत्स्यहौदाचे पाणी वारंवार हिरवे होते : उपाय

प्रश्न : संगमनेर तालुक्यातील एका शेतकरी बंधूंनी विचारले आहे की, घरासमोरच्या अंगणात त्यांनी 16 फूट लांब, 10 फूट रुंद व 3 फूट खोल सिमेंटचा हौद बांधून त्यात शोभेचे कोई व गोल्डफिश सोडले आहेत. हौदावर दिवसभर ऊन असते. माशांना दिवसातून दोनदा भाताचा कोंडा व शेंगदाणा पेंड दिली जाते. दर पंधरा दिवसांनी संपूर्ण पाणी उपसून, भिंती घासून हौद पुन्हा भरला, तरी आठवड्यात पाणी हिरवेगार होते. अलीकडे पहाटे मासे वर येऊन तोंड उघडझाप करताना दिसतात. शेजाऱ्यांनी मोरचूद (तांब्याचा निळा क्षार) टाकण्यास सुचविले आहे, तो टाकावा काय?

उत्तर : मोरचूद कृपया टाकू नये. तांबे माशांच्या कल्ल्यांना घातक असते, आणि मऊ पाण्यात तर थोड्या मात्रेतही मासे दगावतात. शिवाय एकाच वेळी मेलेले शेवाळ कुजू लागले की पाण्यातील प्राणवायू झपाट्याने संपतो, म्हणजे विषाच्या तडाख्यातून वाचलेला मासा गुदमरून जातो. आपले मासे पहाटे वर येत आहेत, म्हणजे प्राणवायू आताच अपुरा पडत आहे; अशा हौदात हा प्रयोग फार महागात पडेल.

हिरवे पाणी म्हणजे डोळ्यांना सुटे न दिसणाऱ्या सूक्ष्म शैवालाची दाट वाढ. या वाढीस ऊन आणि खत लागते, आणि आपल्या हौदात दोन्ही भरपूर आहेत. खत कोठून येते, हे समजून घेणे महत्त्वाचे आहे. शेंगदाणा पेंडीत प्रथिने विपुल असतात. मासा ती पचवितो आणि त्यातील नत्र मुख्यतः कल्ल्यांवाटे अमोनियाच्या रूपाने पाण्यात सोडतो, तर न खाल्लेला कोंडा तळाशी कुजून नत्र व स्फुरद दोन्ही देतो. दिवसा शैवाल प्राणवायू तयार करते, परंतु रात्री तेच शैवाल मासे व तळाच्या गाळाबरोबर प्राणवायू वापरते, त्यामुळे सूर्योदयापूर्वी त्याचे प्रमाण सर्वांत कमी होते. दुपारी याच्या उलट घडते : पाण्याचा सामू (आम्ल-अल्कतेचे माप, pH) चढतो आणि चढलेल्या सामूत अमोनिया अधिक विषारी होतो.

म्हणून सर्वप्रथम खाद्य कमी करावे. पेंड तूर्त बंद ठेवून, मासे पाच मिनिटांत संपवतील एवढेच खाद्य सकाळी ऊन वर आल्यावर एकदा द्यावे व उरलेले जाळीने काढून टाकावे. मासे उपाशी राहतील ही भीती अनेक बंधू-भगिनी बोलून दाखवितात. ती काळजी मनापासूनची असते, पण हौदातील मासा कमी खाद्याने सहसा मरत नाही, जास्त खाद्याने खराब झालेल्या पाण्याने मरतो.

संपूर्ण हौद उपसणेही थांबवावे. भिंतींवरील बुळबुळीत पातळ थरात अमोनियाचे नायट्रेट करणारे उपयुक्त जिवाणू राहतात. आपण भिंती घासता तेव्हा ते निघून जातात, आणि नव्या पाण्यात शैवालाला कोणी प्रतिस्पर्धी उरत नाही. आपला हौद सुमारे 13,500 लिटरचा आहे. त्यातून आठवड्याला दीड ते दोन हजार लिटर पाणी तळाच्या गाळासह काढून झाडांना द्यावे, कारण ते पाणी उत्तम पातळ खत आहे. भरण्याचे पाणी नळाचे असल्यास ते दिवसभर उघड्यावर ठेवून क्लोरीन उडू द्यावे.

आता उन्हाविषयी. पृष्ठभागाचा निम्म्याहून थोडा अधिक भाग झाकलेला असावा आणि त्यासाठी कुमुदासारखी तरंगत्या पानांची वनस्पती सर्वांत चांगली. पसरट कुंडीत चिकण माती भरावी, शेणखत अजिबात मिसळू नये, आणि कोई माती उकरतात म्हणून वर दोन इंच जाड खडी पसरावी. आपल्या हौदास अशा पाच-सहा कुंड्या पुरतील. पाने पसरेपर्यंत पश्चिमेकडून 50 टक्के सावलीची शेडनेट बांधावी. जलपर्णी मात्र कोणी फुकट दिली तरी आणू नये. तिचा एक तुकडा ओढ्यात गेला तरी तो पुढच्या सर्वांना त्रास देतो.

मला स्वतःला सर्वांत भरवशाचा वाटणारा उपाय म्हणजे खडीचा गाळण चर. हौदाच्या काठावर सुमारे 6 फूट लांब, 2 फूट रुंद व दीड फूट खोल चर बांधून त्यात खडी भरावी व तीत कर्दळ आणि वाळा मुळांची माती धुऊन लावावा. लहान पंपाने हौदाचे पाणी चराच्या एका टोकाला सोडावे व दुसऱ्या टोकाकडून ते धारेने परत हौदात पडू द्यावे. खडीवरील जिवाणू अमोनियाचे नायट्रेट करतात, ते कर्दळीची मुळे शोषून घेतात, आणि पडणारी धार पाण्यात हवा मिसळते. पंप रात्रीही चालू ठेवावा. पहाटेची गुदमर प्रथम यानेच कमी होईल. वाढलेली कर्दळ वेळोवेळी कापून हौदापासून दूर टाकावी, अन्यथा शोषलेले अन्नद्रव्य कुजून पुन्हा पाण्यात उतरेल.

गवत्या मासा (ग्रास कार्प) सोडावा काय, असेही पुष्कळजण विचारतात. तो पानवनस्पती खातो, सूक्ष्म शैवाल नव्हे. कुमुदाची कोवळी पाने मात्र फस्त करील. चंदेरा मासा (सिल्व्हर कार्प) शैवाल गाळून खातो, पण तो मोठा होणारा मासा असून या हौदास योग्य नाही. भिंतीवर लांब धाग्यांचे शेवाळ आल्यास खडबडीत काठीला गुंडाळून थोडे थोडे काढावे व कंपोस्ट खड्ड्यात टाकावे. भिंतीवरील पातळ हिरवा थर तसाच राहू द्यावा.

पाणी नितळण्यास काही आठवडे लागतील व मध्येच ते पुन्हा हिरवे होईल, तेव्हा उपसा करू नये. मात्र पाण्यावर रंग सांडल्यासारखी निळसर हिरवी साय येऊन दुर्गंधी सुटली, तर ते विषारी नीलहरित शैवाल असू शकते. तेव्हा जनावरांना त्या हौदावर पाणी पाजू नये, साय हातमोजे घालून काढावी आणि पाण्याचा नमुना जवळच्या कृषी विज्ञान केंद्रात दाखवावा.